ब्रायडीबाईंची चूल

मंडळी, परक्या घरात विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बघू? कुत्र्यावर ठेवा, मांजरावर ठेवा; पण आपणहून भांडी घासायला उठलेल्या नवऱ्यावर? छे!

आमच्या यतीनचंच घ्या. लंडनच्या हाउन्सलोत किराणा दुकान. गिऱ्हाइकाच्या चालीवरून ओळखेल, याला तूरडाळ हवीय की नुसता टाइमपास. तो बायकोला, कस्तुरीला घेऊन सुट्टीला उत्तर आयर्लंडच्या एका खेड्यात उतरला. घर अस्सल जुनं. गवताचं छप्पर, दोन फळ्यांचं दार: वरची गप्पांसाठी उघडी, खालची कोंबड्यांसाठी बंद. चुलीत जळायला पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा.

मालकीण ब्रायडीबाई एका रात्रीसाठी बहिणीकडे निघाल्या. म्हणाल्या, "चुलीत अधूनमधून पीट तेवढं घाला, बाकी तिला हात लावू नका हं. माझ्या आजीच्या लग्नात पेटली, ती अजून विझलेली नाही."

सकाळी यतीन बघतो तर चुलीत नुसता राखेचा ढीग. (बिचारी! चूल कधीच गेलीय, पण हिला सांगणार कोण?)

तेवढ्यात गॅसवरचं दूध करपलं.

"अहो, लक्ष ठेवा म्हटलं होतं ना? पातेल्याचा कोळसा झाला!"

"अगं, मी घासतो. एवढी फर्स्ट क्लास राख पडलीय! आई राखेनंच घासायची, आरशासारखी भांडी!"

बाह्या सरसावून त्यानं खोऱ्यानं राख उपसली. खाली लालबुंद निखारे! वर गवताचं छप्पर! यतीननं भरलेली किटली उचलली आणि ओतली.

चुर्रर्र!

"अहो, बाईंच्या आजीचं लग्न विझवलंत!" कस्तुरी किंचाळली.

मग देवासाठी आणलेला कापूर पेटवून झाला. ज्वाळा हातभर उडाली, पीट ढिम्म. आणि दारात ब्रायडीबाई. बघतच राहिल्या. यतीनला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

शेवटी त्यांनी एक लोखंडी बादली त्याच्या हातात दिली. "टेकडीपलीकडे पॅट्रिककडे जा. त्याची चूल माझ्या आईनं इथल्या निखाऱ्यावर पेटवून दिली होती. आग तीच आहे."

यतीन धापा टाकत पोचला, तर पॅट्रिक चिमटा घेऊन दारातच.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ब्रायडीकडे पाहुणे असले की चिमटा हाताशीच ठेवतो. पीट घालायला विसरलात ना? सगळेच विसरतात."

"नाही... पाणी ओतलं."

पॅट्रिकनं छातीवर क्रॉसची खूण केली. "इथवर अजून कुणी पोचलं नव्हतं!"

हल्ली यतीन हाउन्सलोत सांगत फिरतो, की त्यानं ब्रायडीबाईंचं छप्पर आगीतून वाचवलं. तुम्ही ही गोष्ट पुढे सांगाल, तेव्हा तेवढा हिशेब चोख ठेवा, मंडळी: चुलीपासून त्या छपराला तीन पिढ्यांत धोका झाला नव्हता. झाला तो एकदाच, यतीनच्या कापरापासून.