लेकरू पुढं नाही

साठी ओलांडलेला माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात लाल दोरी, आणि दोरीच्या पुढे धूर सोडत चाललेली चार चाकांची छोटी बाईक. बाईकवर कुणाचं तरी लेकरू खिदळतंय आणि मागून हा गडी धापा टाकत पळतोय. कळंब रोडवरच्या आमच्या मुरमाड टेकाडावर हा तमाशा रोज चालतो. पळणारे ते आमचे सुधाकरभाऊ. माझे शेजारी, या बाईक भाड्यानं फिरवायच्या धंद्यातले भागीदार आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप.

ती दोरी बाईकच्या बटणाला बांधलेली असते. ओढली की इंजिन बंद. लेकरानं जरा वेग घेतला, ओढली. दगड दिसला, ओढली. लेकरू शिंकलं तरी ओढतात हो! पोरं रडकुंडीला येतात.

"काहून बंद केली आजोबा?"

"जित्ता हायेस ना? मंग झालं."

हेल्मेटचा पट्टा स्वतः आवळणार. चपला घालून आलेल्याला बुटांसाठी परत पाठवणार. बसायच्या आधी सगळी वाट पायी चालवणार, "इथं उतार हाय, इथं मुरूम घसरते" करत. कळंबच्या चिंतामणीचं दर्शन करून मजेला आलेली माणसं, त्यांना उन्हात कशाला हवी ही शाळा? निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परततात आणि मी कपाळाला हात लावून बसतो.

त्यात एखाद्या बापानं आमच्या मोठ्या चारचाकी बाईकवर लेकराला पुढ्यात घेतलं, की संपलंच. आपल्याकडे मोटरसायकलच्या टाकीवर लेकरू बसवल्याशिवाय बाप झाल्यासारखं वाटत नाही कुणाला. भाऊ सरळ आडवे उभे राहतात.

"लेकरू पुढं नाही."

"अहो, मी धरतो ना त्याले!"

"तुम्ही लेकराले धरसान. लेकरू काय धरन?"

एकानं तर कॉलर पकडली. भाऊ म्हणाले, "मारा. पण लेकरू पुढं नाही."

मी चिडतो, पण फार बोलत नाही. त्या दिवशी मी बाजूच्या वावरात होतो.

सहा वर्षं झाली. हीच मोठी बाईक, आणि भाऊंच्या पुढ्यात त्यांची नात, परी. सुट्टीत आजोळी आलेली. भाऊंचा एक हात तिच्या पोटाभोवती. या बाईकला वेग द्यायला मूठ पिळत नाहीत, अंगठ्यानं खटका दाबतात. धक्का बसला की लेकरू हाताला लागेल ते घट्ट पकडतं. परीनं खटका पकडला. बाईक वावराच्या बांधावर, धुऱ्यावर चढली आणि उलटली. भाऊंना नुसतं खरचटलं. परीला मी उचललं. दवाखान्यापर्यंत ती राहिली नाही.

परीची आई, भाऊंची एकुलती रंजू, एवढंच म्हणाली, "माह्यासमोर येऊ नका." माहेर तुटलं ते तुटलंच. पुढे तिला मुलगा झाला. त्याचा फोटो भाऊंनी माझ्या फोनवर पाहिला, आणि फोन बराच वेळ परत दिला नाही.

लोक म्हणाले, धंदा बंद करा. भाऊ म्हणाले, "हे पोट्टे मंग दुसरीकडं बसतीन. तिथं त्यांच्या मांगं कोण पळन?"

या दिवाळीत रंजू आली. आई आजारी म्हणून, भाऊंसाठी नाही. दोन दिवस ती त्यांच्याशी बोललीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी तिचं पोरगं घरातून निसटलं आणि थेट टेकाडावर येऊन छोट्या बाईकवर चढलं. मागून रंजू धावत आली.

भाऊंनी किल्ली काढून माझ्याकडे फेकली. "नाही रंजू. मी नाही बसवत याले. देवाशपथ नाही बसवत!" आणि तिथंच मुरमावर बसून हा म्हातारा ढसाढसा रडायला लागला. किल्ली गेली म्हणून पोरगंही भोकाड पसरून रडू लागलं. मला कुठे बघावं कळेना.

रंजूनं पोराला बाईकवरून उतरवलं. मग म्हणाली, "माफ नाही होत बाबा माह्याच्यानं. लय करून पाह्यलं. पण घरी चला. आई जेवाची थांबली हाय."

भाऊ उठले. पोरगं शर्टाला नाक पुसत समोर उभं होतं. भाऊंनी त्याचं बोट धरायला हात पुढे केला, मागे घेतला, आणि रंजूकडे पाहिलं.

"धरा," ती म्हणाली.