घरच्यांचा सक्त विरोध

मुलीने फॅशन डिझायनर व्हायचं ठरवलं, तेव्हा घरात कोणीही विरोध केला नाही आणि अडचणींना सुरुवात झाली ती तिथूनच.

तिचे बाबा इमारतींच्या लिफ्ट तपासायचे. सगळं ठीक आहे ना ते बघायचं आणि लोकांना निर्धास्त वर पाठवायचं, यातच त्यांचा उभा जन्म गेला होता. मुलीच्या बाबतीतही त्यांनी वेगळं काही केलं नाही. तिने पहिला कोट शिवायला घेतला, तेव्हा टाचण्या हातात धरून तेच शेजारी बसले. पुन्हा पुन्हा उसवलेली कॉलर एकदाची चपखल बसली, तेव्हा त्यांना मुलीइतकाच आनंद झाला. तो कोट पिशवीत घालून बापलेक एका नावाजलेल्या फॅशन संस्थेच्या प्रवेश सल्लागार बाईंपुढे जाऊन बसले.

मुलगी पिशवी उघडायला लागली, तसा बाईंनी हात वर केला.

"ते राहू दे. कपडे काय, सगळेच शिवतात. तुझा संघर्ष काय?"

"चेन बसवताना जरा त्रास होतो," मुलगी म्हणाली.

"घरचा विरोध?"

"छे हो!" बाबा कौतुकाने पुढे सरसावले. "आमचा पूर्ण पाठिंबा आहे."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कधीपासून?"

"अगदी लहानपणापासून."

"आणि तुम्ही आत्ता येताय? थोडं आधी आला असतात, तर काहीतरी करता आलं असतं."

संस्थेच्या धोरणानुसार कपडा ही दुय्यम बाब असून त्यामागची कहाणी ही मूळ बाब होती. विरोध नाही तर कहाणी नाही, आणि कहाणी नाही तर डिझायनर नाही. तरीही बाई मनाने कनवाळू. त्यांनी महिन्याभराची मुदत दिली. तेवढ्यात कुटुंबाने घरच्या घरी विरोध निर्माण करावा, म्हणजे त्या जातीने कॅमेरा घेऊन पडताळणीला येतील.

मुलीचा चेहरा पडला. कळायला लागल्यापासून तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. घरी येताना तिने हळूच विचारलं, "बाबा, कराल ना विरोध?"

"तू म्हणशील तसा करतो गं."

सराव सुरू झाला. "असले धंदे या घरात चालणार नाहीत, बाळा!" बाबा गरजले.

"बाळा काढा," आई भाजी निवडता निवडता म्हणाली.

बाबांनी संतापाने उशी भिरकावली, मग ती उचलून, झटकून जागेवर ठेवली. हे काही खरं नव्हे, म्हणून मामांना पाचारण करण्यात आलं. मामांनी आजवर घरातल्या प्रत्येक लग्नाला, घरखरेदीला, अगदी भिंतींच्या रंगालाही विनामूल्य विरोध केला होता. पण सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "मुलीला आवडतंय तर शिकू दे की! तुमचं आपलं काहीतरीच." घराला विरोध हवा होता, म्हणून मामांनी त्यालाच विरोध केला.

शेवटी पडताळणीचा दिवस उजाडला. कॅमेरा सुरू झाला. बाबा दारात कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "या घरात एक तर शिवणयंत्र राहील, नाहीतर मी!" असं म्हणून ते खरोखरच चपला घालायला लागले. तेवढ्यात दारामागच्या हँगरवरच्या कोटाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि तोंडून निघून गेलं, "कॉलर काय बसलीय गं!"

मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. महिन्याभराची मेहनत वाया गेली होती.

"हे काय होतं?" बाईंनी विचारलं.

"टोमणा," आई पटकन म्हणाली. "ते असंच टोचून बोलतात. वर्षानुवर्षं."

बाईंनी कॅमेरेवाल्याला मुलीच्या डोळ्यांजवळ जायला खुणावलं. तो कोटाकडे पाठ करून उभा राहिला. "आरडाओरडा काय, घरोघरी असतो," बाई भारावून म्हणाल्या. "पण गोड बोलून इतक्या थंडपणे खच्चीकरण करणारा बाप आमच्याकडे पहिल्यांदाच येतोय."

प्रवेश जागच्या जागी मंजूर झाला.

स्वागत समारंभात मुलीला व्यासपीठावर बोलावून कॉलरची कहाणी सांगायला लावली. सभागृह हुंदके देऊ लागलं. बाबांच्या शेजारच्या खुर्चीतल्या एक अनोळखी बाई डोळे पुसत म्हणाल्या, "असल्या बापाला उलटा टांगायला हवा."

"हो ना," बाबा टाळ्या वाजवत म्हणाले, "नालायक माणूस!" अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला होता.

कहाणी गाजली. मुलगी ती ठिकठिकाणी सांगू लागली. सांगता सांगता ती तिला पाठ झाली आणि हळूहळू खरी वाटू लागली. एकदा आवराआवर करताना बाबांना कपाटात कोट सापडला. त्यांनी कॉलरवरून हात फिरवला.

"पण खरंच गं, काय सुंदर बसलीय!"

"बाबा, प्लीज," मुलगी म्हणाली, "आता तरी टोमणे बंद करा."

बाबांनी कोट परत कपाटात ठेवला. त्यांना वाईट वाटलं, फारच वाईट वाटलं. त्या कोटाचा रंग कोणता, बाह्या कशा, कापड कसलं, हे संस्थेत आजवर कोणी विचारलेलं नाही. पण एकट्या संस्थेला कशाला नावं ठेवायची? बापाची फजिती वाचत इथवर आलात, तुम्ही तरी कुठे विचारलंत?