कॅनडा म्हणजे गाव

आमच्या सास्तूरच्या गिरणीत दळण न्यायचं, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. "कॅनडा म्हंजे काय?" गावाला ते पाठ झालंय. माणूस डबा ठेवता ठेवताच म्हणतो, "गाव!" मग गिरणीवाले भानुदासअण्णा खूश होऊन बटण दाबतात.

देशांना नावं कशी पडली, हा अण्णांचा ध्यास. भुवयांवर पीठ, कानात पीठ आणि तोंडात परदेश. एकदा आठवडी बाजारात वाळक्या झिंग्यांच्या ढिगापुढं उभे राहून म्हणाले, "पाव किलो कॅमेरून द्या." विकणारी बाई घाबरलीच. मी शाळामास्तर, त्यामुळं निस्तरणं माझ्याकडं. वाटेत मलाच समजावलं, "खरंय गुरुजी. दर्यावरनं गोरे आले, नदीत झिंगे दिसले, त्यांच्या बोलीत झिंगे म्हंजे कॅमेरून, झालं देशाचं नाव! तितल्या मानसाला कुनी इचारलं का?"

कॅनडावर मात्र विशेष जीव. "गोऱ्यानं इचारलं, ह्याला काय म्हंत्यात? तितल्या लोकान्ला वाटलं, समोरच्या वस्तीचं इचारतोय. म्हनले, कनाटा, म्हंजे त्यांच्या बोलीत गाव. ह्यानं आख्ख्या देशाचं नाव लिवलं, गाव!"

माझा मुलगा तिकडं नोकरीला लागला, तेव्हा मी तोऱ्यात पेढे घेऊन गेलो. "म्हंजे गावाकडंच गेला की," म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू?

गेल्या महिन्यात त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेल्यांच्या नावांचा फलक पुन्हा रंगवायचं काम माझ्याकडं आलं. निवृत्त झालो तरी अक्षर शाबूत आहे. अण्णांच्या घरच्या नावांत एक होतं, 'तान्ही'. हे काही नाव नव्हे, म्हणून विचारायला गेलो. अण्णांनी चालू गिरणी बंद केली.

"बारसं दोन दिसावर हुतं, गुरुजी. यादी करनारा सायेब लांबचा. म्हनला, पोरीचं नाव? म्या म्हनलं, तान्ही हुती. त्यानं लिवलं, तान्ही."

सवयीनं हसायला गेले, पण जमलं नाही. इतकी वर्षं मी त्यांच्या कॅनडाच्या प्रश्नाला वेड समजत होतो.

"काय ठेवणार होता? तेच लिहितो," मी म्हणालो.

"मालकिनीच्या मनात सुनंदा हुतं. पर ती बी मरस्तोवर तान्हीच म्हनली. तान्ही आज एवढी झाली असती, तान्हीचं लगीन झालं असतं. आता सुनंदा म्हनलं, तर ती आमाला तरी वळखंल का? ऱ्हाऊ द्या."

मी रंगवायला बसलो, तेव्हा ते रंगाचा डबा धरून शेजारी उभे राहिले.

"जरा मोठं काढा, गुरुजी. ल्हान हुती, पर नाव मोठं काढा."