आगटेकाकांचा मुका रस्ता

दर रविवारी सकाळी सात वाजता आमच्या वरच्या मजल्यावरचे आगटेकाका सायकलचं चाक काढून कानाशी धरतात आणि खुळखुळ्यासारखं हलवतात. तेही डोळे मिटून! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, झालं, गेले हे कामातून. मग कळलं की त्या टायरमध्ये ट्यूब नसते. आत पांढरा चीक ओततात, काटा घुसला की तोच भोक बुजवतो. पण जयपूरच्या उन्हाळ्यात तो चीक वाळून जातो.

"आवाज आला म्हणजे ओला आहे," काका म्हणाले. "न तपासता निघालात तर क्लेम टिकत नाही."

विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे काकांच्या जगात दोनच प्रकार. क्लेम टिकतो, किंवा टिकत नाही. लिंबू न पिळलेल्या पोह्यांचा टिकत नाही. एकतिसाव्या वर्षी मी लग्न का केलं नाही याची जी कारणं देतो, त्यांचा तर मुळीच नाही. स्वतः त्रेसष्टाव्या वर्षी बिनलग्नाचे आहेत, ते चालतं! माणूस मूळचा मिरजेचा. बदलीवर इथं आले आणि निवृत्त झाल्यावर इथल्या मानसरोवर वस्तीतच राहिले. मी कराडचा, इथं सॉफ्टवेअरच्या नोकरीला. अख्ख्या बिल्डिंगमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे मला पळून जायला जागा नाही.

सायकल म्हणजे ग्रॅव्हल बाइक. वाकडं हँडल, जाड टायर, डांबर सोडून कच्च्या रस्त्यावर पळवायची. ती हॉलमध्ये उभी असते आणि पाहुणे स्टुलावर बसतात. एकदा गॅसवर पातेलं दिसलं. मी म्हटलं, वा, लोणी कढवलं वाटतं, आणि चमचा बुडवणार तेवढ्यात काका ओरडले, "अहो, चेन आहे त्यात!" वितळलेल्या मेणात चेन पोहत होती. तेल लावलं की वाळू चिकटते, मेणाला चिकटत नाही म्हणे.

ही सगळी तयारी एकाच गोष्टीसाठी. सांभरच्या मिठाच्या तलावाकडं दर हिवाळ्यात एक राइड असते, शंभर किलोमीटर, सगळी कच्च्या वाटेनं. गेली चार वर्षं काका तिच्यासाठी सायकल घडवतायत. वाळूसाठी रुंद टायर झालं, मागचं दातेरी चक्र मोठं झालं, सीट बदलली. आणि चारही वर्षं त्यांनी नाव दिलं नाही! दुसऱ्या फुटकळ राइडना जायचे, पण त्याआधी आयोजकाला फोन ठरलेला. "भाईसाहब, रूट पर नेटवर्क कहाँ-कहाँ जाता है?" लोक पाणी विचारतात, चढ विचारतात, हे मोबाइलची रेंज विचारतात. सांभरच्या वाटेवर मधे बराच वेळ रेंज नसते.

"रस्ता सुंदर आहे हो," ते म्हणायचे, "पण मुका आहे."

मी चेष्टा करायचो. काका, तुम्हाला एवढा कुणाचा फोन येणार आहे? काका हसून चेन पुसायचे.

एकदा त्यांच्याबरोबर सायकलवर गेलो आणि उत्तर मिळालं. दोन तासांत आठ वेळा फोन वाजला. प्रत्येक वेळी काका पाय टेकून थांबले. "हो अक्का. जेवलो. हो, स्वेटर घातलाय. हो, गृहपाठ झाला." आठव्यांदा मी वैतागलो, "अहो बंद करा तो फोन!"

"नाही करता येत," ते शांतपणे म्हणाले. "थोरली बहीण आहे. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला. आता मिरजेला भाच्याकडं असते. बाकी सगळं विसरली, मी तेवढा उरलोय, तोही शाळकरी. फोन उचलला नाही की चपला घालून मला शोधायला निघते. एकदा पार स्टेशनवर सापडली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी परतल्यावर जिन्यात म्हटलं, "काका, नाव द्या. त्या दिवशी फोन मी सांभाळतो."

आठ दिवस विचार केला त्यांनी. मग नाव दिलं आणि माझ्या हातात एक कागद ठेवला. अक्काचे प्रश्न डावीकडं, उत्तरं उजवीकडं.

राइडच्या दिवशी उजाडताच काका निघाले. चार वेळा मागं वळून माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं, मग दिसेनासे झाले. मी आयोजकांच्या मंडपात कागद घेऊन बसलो. तिथं रेंज होती. नऊ वाजता फोन वाजला.

"बाळ्या, पोचलास का?"

"हो अक्का."

ती म्हणाली, "तू कोण? हा माझा बाळ्या नव्हे."

कागदावर याला उत्तर नव्हतं. खरं तेच तोंडातून गेलं. "अक्का, ते सायकलवर गेलेत. लांब."

"मागनं कुणी धरलंय?"

"नाही. एकटेच आहेत."

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मग त्याला हाक मारू नको हं. हाक मारली की मागं बघतो, आणि पडतो." आणि फोन ठेवला.

दिवसभर पुन्हा फोन आला नाही. धास्तावून मीच भाच्याला लावला. तो म्हणाला, अक्का दारात बसून आहे. घरात कुणी मोठ्यानं बोललं की ओठावर बोट ठेवते.

तीन वाजता काका आले. गुडघ्यापर्यंत मिठानं पांढरे, ओठ फुटलेले. गळ्यात कुणी मेडल घातलं तिकडं लक्षसुद्धा नाही. "किती वेळा?"

"एकदा."

"एकदाच?" त्यांचा चेहरा उतरला. "बरी आहे ना ती?"

मी सगळं सांगितलं. काका हेल्मेटसकट मातीत बसले. एवढा मोठा माणूस, माझ्यादेखत ढसाढसा रडला, आणि मीही काही मागं राहिलो नाही. मग बाहीनं नाक पुसून त्यांनी फोन लावला.

"अक्का, मी आलो. नाही गं. पडलो नाही."