सी ड्राइव्हवरचा धुरा

आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरला कोणी हात लावायला गेलं, की देवमनबाबू म्हणत, "थांबा, आंधी पॉइंट घेऊ द्या." पेनड्राइव्ह लावायचा असो की नवा माऊस जोडायचा असो, पॉइंट घेतल्याशिवाय त्यांचं बोट पुढे सरकत नसे. एकदा तपासणीला आलेले साहेब पेनड्राइव्ह हातात धरून चांगली दहा मिनिटं उभे होते. बाबूंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा सांगितला. पेनड्राइव्ह मात्र पॉइंट पूर्ण झाल्यावरच घेतला.

पॉइंट म्हणजे रिस्टोअर पॉइंट. मशीन त्या घटकेला कसं आहे, याची आठवण ते स्वतःजवळ ठेवून घेतं. पुढे काही बिघडलं तर त्या घटकेपर्यंत मागे जाता येतं. प्रत्येक पॉइंटला नाव द्यावं लागतं, आणि बाबूंनी दिलेली नावं ही आम्हा मास्तरांची मोठी करमणूक होती. 'अँटीव्हायरस टाकायच्या आंधी.' 'नवीन हेडसर रुजू व्हायच्या आंधी.' 'गॅदरिंगच्या आंधी.' सगळी नावं 'आंधी'वर, म्हणजे तुमच्या 'आधी'वर, संपणारी. माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्या स्टाफनं अभिनंदन केलं. बाबूंनी मला बाजूला घेतलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सर, पॉइंट घेतला ना?"

शाळा शेलूबाजारची, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. मी तिथे गणित शिकवतो. बाबू आमचे वरिष्ठ लिपिक. पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, शर्टाचं गळ्याजवळचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. जवळच्याच खेड्यातून ते जीपनं येत आणि जीपनंच जात. घरी म्हातारी आई होती, ती गेल्यावर एकटेच राहत. चार एकर वावर होतं, ते भाड्याच्या ट्रॅक्टरनं करून घेत. यापलीकडे त्यांच्याबद्दल आम्हाला काही ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर आम्ही कधी विचारलंही नाही.

पॉइंट साठवायला डिस्कवरची किती जागा द्यायची, हे ठरवण्यासाठी मशीनमध्ये एक पट्टी असते. ती माऊसनं डावीकडे-उजवीकडे सरकवता येते. बाबू त्या पट्टीला 'धुरा' म्हणत. दोन वावरांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. "हिकडं शाळेचं वावर, तिकडं पॉइंटचं वावर," ते स्क्रीनवर बोट ठेवून समजावत, "आन मंधात हा धुरा." पॉइंटसाठी ठेवलेली जागा भरली, की मशीन सगळ्यात जुना पॉइंट कोणाला न विचारता पुसून टाकतं. तसं होऊ नये म्हणून बाबूंनी हा धुरा सरकवत सरकवत इतका पलीकडे नेला होता, की शाळेच्या वाट्याला पायवाटेपुरती जागा उरली होती.

त्यावरून रोज भांडणं होत. गॅदरिंगचे फोटो, हेडसरांचं पंधरा ऑगस्टचं भाषण, सगळं बाबू पेनड्राइव्हवर काढून ज्याचं त्याला परत करत. पीटीच्या सरांनी कबड्डीच्या सामन्याचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर ठेवला, तर बाबू स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. "सर, तुमचा व्हिडिओ अर्धा एकर जागा खाऊन राह्यला. उचला."

"अहो बाबू, हे शाळेचं मशीन हाये का तुमच्या बापाचं वावर?" पीटीचे सर तडकले.

आम्हाला वाटलं, आता जुंपणार. पण बाबूंचा चेहरा एकदम उतरला. ते वळले आणि व्हरांड्यातल्या माठाजवळ जाऊन पाणी पिऊ लागले. एवढं लागण्यासारखं काय बोलले, हे पीटीच्या सरांनाही कळलं नाही.

त्यांची दुसरी तऱ्हा भाजीची. बाजाराच्या दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्या हातात एक पिशवी देत. जुन्या लुगड्याची शिवलेली, हिरव्या काठाची. "सर, कडुलिंबाखाली एक जन बसते. त्याच्याकडूनच वांगे आना. माहं नाव सांगू नका." बाजार शाळेपासून पाच मिनिटांवर. स्वतः जायला काय होतं, असं मी पुष्कळदा मनात म्हटलं; पण मलाही भाजी घ्यायचीच असायची. कडुलिंबाखालचा भाजीवाला कमी बोलणारा होता. वांगी जोखून झाली, की तो न मागता मूठभर सांबार पिशवीत वर ठेवायचा. तुमच्याकडे त्याला कोथिंबीर म्हणतात. माझ्या स्वतःच्या पिशवीत त्यानं कधी एक काडी जास्तीची टाकली नाही, याचा मला थोडा रागच होता. तो मेडशीहून येतो असं कळल्यावर मी विचारलं, "एवढ्या लांबून काहून येता बाप्पा? तुमाले मालेगाव जवळ पडते."

"हा बाजार बरा हाये," एवढंच तो म्हणाला.

पिशवी आणून दिली, की बाबू वांग्यांकडे बघतही नसत. सांबार उचलून एकदा नाकाशी धरत आणि रुमालात बांधून ड्रॉवरमध्ये ठेवत. स्टाफरूममध्ये मी याची नक्कल करून दाखवत असे. नकला मला बऱ्या जमतात.

गेल्या दिवाळीनंतर एक नवल घडलं. बाबूंनी पॉइंट घेणंच बंद केलं. कोणी पेनड्राइव्ह लावायला गेलं तर ते नुसते म्हणत, "लावा." पीटीचे सर म्हणाले, बाबूंना संन्यास घ्यायचा दिसतो. मीही हसलो. दहा वर्षांची सवय माणूस एका दिवसात सोडतो, त्याला काही कारण असेल, हे माझ्या गणिती डोक्यात आलं नाही.

मग दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली. शेवटचा दिवस उद्यावर आला, एकोणतीस मुलांचे फॉर्म राहिलेले, आणि नेमकी ती वेबसाइट आमच्या जुन्या ब्राउझरवर उघडेना. नवा ब्राउझर टाकायला गेलो तर मशीन म्हणे, जागा नाही. बाबू त्या दिवशी पंचायत समितीत कामाला गेले होते. हेडसर म्हणाले, "सर, तुम्ही बसा आणि ते काय असेल ते साफ करून टाका. एकाही मुलाचा फॉर्म राहता कामा नये."

मी तावातच बसलो. एका माणसाच्या खुळापायी मुलांचं वर्ष जायची वेळ आली, असं मला वाटत होतं. पॉइंटची यादी उघडली. सगळ्यात खाली, सगळ्यात जुना पॉइंट दोन वर्षांपूर्वीचा होता. नाव होतं 'प्रिंटर बसवायच्या आंधी'. मी ते हेडसरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तो प्रिंटर कधीच भंगारात जाऊन त्याच्या जागी दुसरा आला होता. हेडसरही हसले. मी पट्टीवर माऊस ठेवला.

"सर, धुऱ्याले हात लावू नका."

दारात बाबू उभे होते. जीपमधून उतरून तसेच आलेले, हातात फायली, केसांवर धूळ. त्यांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"बाबू, पोरायचे फॉर्म अडकले," मीही आवाज चढवला. "आन तुमी भंगारातल्या प्रिंटरचा पॉइंट जपून राह्यले?"

बाबूंनी फायली टेबलावर ठेवल्या, खुर्ची ओढली आणि बसले. स्क्रीनवरच्या त्या नावावर त्यांनी बोट ठेवलं.

"त्या दिवशी अकराले मी हा पॉइंट घेतला," ते म्हणाले. "बाराले प्रल्हाद आला."

"कोण प्रल्हाद?"

"माहा भाऊ. लहाना. तुमी दर बाजाराले भेटता त्याले. कडुलिंबाखाली बसते थो."

सात वर्षं मी या माणसाशेजारी बसून चहा प्यायलो होतो. त्यांना भाऊ आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

दोघांची वावरं लागून होती. मधला धुरा प्रल्हादनं कोरला, आपली जमीन आत ओढली, असं बाबूंच्या मनानं घेतलं होतं. त्यांनी सरकारी मोजणीचा अर्ज टाकला. त्याची नोटीस मिळाल्यावर प्रल्हाद शाळेत आला होता, दादाला भेटायला, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. बाबूंनी त्याला बसूसुद्धा दिलं नाही. भर ऑफिसात, पालक उभे असताना म्हणाले, "धुरा कोरनारा माहा भाऊ नोहे. पुन्यांदा पाय ठुवू नको इथं."

मला ते आठवलं. मी व्हरांड्यातून वर्गावर चाललो होतो. एक पाठमोरा माणूस मान खाली घालून ऐकून घेत होता. खेड्यातला कोणी दाखल्यासाठी आला असेल, असं मला वाटलं होतं. माझ्या कानावर 'पुन्यांदा पाय ठुवू नको इथं' एवढंच पडलं होतं; त्या दुपारी स्टाफरूममध्ये मी त्याचीच नक्कल केली होती आणि सगळे पोट धरून हसले होते. आता ते आठवून माझे कान गरम झाले.

"मंग मोजनी झाली," बाबू म्हणाले. "धुरा त्यानं कोरलाच नोहता. माह्याच ट्रॅक्टरवाल्यानं दोन हात आत नांगर घातला होता. त्याचं वावर माह्यात आलं होतं, सर."

"मग त्याला सांगितलं नाही?" हेडसरांनी विचारलं.

"तोंड कोनतं घेऊन जाऊ? तवरोक थो वावर दुसऱ्याले बटईनं, अर्ध्या वाट्यानं देऊन सासऱ्याच्या गावी, मेडशीले गेला." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मले कयते सर. त्या पॉइंटनं मशीन मांगं जाते, मानसं जात नाई. पन त्या अकराच्या टायमाले प्रल्हाद माहा भाऊ होता. या मशीनमंदी तेवढं लिवेल हाये. आता एक जरी नवा पॉइंट घेतला तं हा पुसते, म्हून मी घेनंच सोडलं."

हेडसर खिडकीबाहेर बघत राहिले. मी उठून उभा राहिलो. 

"फॉर्म किती उरले?" बाबूंनी विचारलं.

"एकोणतीस."

त्यांनी माऊस हातात घेतला. यादीतलं ते सर्वात खालचं नाव ओठ हलवत एकदा वाचलं. मग पट्टी धरली आणि हळूहळू मागे आणली, अगदी सुरुवातीला ती जिथे होती तिथपर्यंत. "वावरातला धुरा म्या तवाच जाग्यावर नेला होता," ते म्हणाले. "हा तेवढा राह्यला होता." आणि ओके दाबलं.

संध्याकाळपर्यंत एकोणतीसही फॉर्म भरले गेले. सगळे बाबूंनी स्वतः भरले. मधे एकदाच ते पाणी प्यायला उठले.

दोन दिवसांनी बाजार होता. मधल्या सुट्टीत मी हात पुढे केला, पण बाबूंनी पिशवी दिली नाही. म्हणाले, "चाला, मी येतो." रस्ताभर ते माझ्या एक पाऊल मागे चालत होते. कडुलिंबाखाली प्रल्हाद वांगी रचत बसला होता. सवयीनं त्यानं मान वर न करताच हात पुढे केला, "आना पिशी." पिशवी हातात आल्यावर मग त्यानं वर पाहिलं.

शेजारी दोन बाया मिरच्या निवडत होत्या, मागे केळीवाला ओरडत होता. बाबू त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "प्रल्हाद, धुरा माह्याच ट्रॅक्टरनं कोरला होता. तू नाई."

मिरच्या निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. प्रल्हाद म्हणाला, "मले माईत हाये. मोजनीचा कागद मलेबी भेटला."

"मंग बोलला काहून नाई? दोन सालं झाले."

"तू पिशी धाडत होता ना, दादा." प्रल्हादनं पिशवीच्या हिरव्या काठावरून अंगठा फिरवला. "मायच्या लुगड्याची हाये थे. मी वयखली. तू येशीन मनून मी इथंच दुकान लावत गेलो."

 प्रल्हादनं तराजू उचलला आणि विचारलं, "वांगे किती देऊ?" बाबू चष्मा काढून पुसू लागले. मीच म्हटलं, अर्धा किलो. त्यानं जोखली ती किलोभर, आणि वर मूठभर सांबार ठेवलं. मी दुसरीकडे तोंड करून केळीचा भाव विचारत राहिलो, आणि माझे डोळे का भरून आले हे केळीवाल्यानं विचारलं नाही, हे बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निकालपत्रकाची प्रिंट काढायला ऑफिसात गेलो. पेनड्राइव्ह पुढे केला.

"थांबा सर," बाबू म्हणाले. "आंधी पॉइंट घेऊ द्या."

मी खुर्ची ओढून बसलो. ते एका बोटानं एकेक अक्षर शोधत नाव लिहू लागले. या नावात 'आंधी' नव्हतं. 'प्रल्हाद बोलल्यावर' एवढंच त्यांनी लिहिलं, आणि तो पॉइंट पूर्ण होईस्तोवर मी पेनड्राइव्ह हातात धरून बसून राहिलो.