शेवटच्या पानाचे वकील

लग्नाच्या पंगतीत अनंतराव वकील दिसले की वाढपी दुसऱ्या रांगेत पळायचे. पहिल्या पानावर भात पडायच्या आत वकिलांचा हात वर जायचा. "ऑब्जेक्शन! शेवटच्या पानापासून वाढा." यजमान हात जोडायचा, गुरुजी हसायचे, वकील मात्र हटायचे नाहीत. "वरच्याचं पोट भरतंच हो. खालच्यापर्यंत येईतो पातेलं रिकामं."

गौलीगुड्याच्या गल्लीत ते आमचे शेजारी. मी जामबागच्या शाळेत शिकवत असे. संध्याकाळी घरी आलो की त्यांच्या ओट्यावर बसून एकच केस ऐकावी लागे. मेदककडच्या त्यांच्या गावात एक तळं होतं. तळ्याच्या पाणी सोडायच्या दरवाजाजवळचं भाताचं शेत चुलतभावाचं, पाटाच्या टोकाचं वकिलांचं. पाणी आधी कोणी घ्यायचं, यावरचा दावा माझ्या लग्नाच्याही आधीपासून चालू होता. निकाल लागेपर्यंत गावात पाऊल टाकणार नाही, असा वकिलांचा पण. शेत तोवर पडीक. चुलतभावाचं नाव त्या घरात निघत नसे. "प्रतिवादीच्या मुलीला मुलगा झाला," असं वकील सांगत. बारशाचा आहेर मात्र टपालानं न चुकता जाई.

तेव्हा आबिड्सच्या बाजारात नव्या जमान्याची चकचकीत दुकानं उघडत होती. एका दुकानात पाण्याच्या बाटल्या रांगेनं मांडलेल्या पाहून वकिलांनी मालकाला गाठलं.

"क्यों मियाँ, इस पानी पे पैला हक किसका?"

"जो पैसे देताय उसका, साब."

वकील तडक दुकानाबाहेर पडले.

अखेर निकाल लागला. पाण्याची पहिली पाळी टोकाच्या शेताला. वकिलांनी गल्लीभर पेढे वाटले आणि "चला मास्तर, माझं पाणी दाखवतो," म्हणत मला बसमध्ये घातलं.

तळ्याच्या बांधावर चढलो आणि वकील थबकले. तळ्यात शेळ्या चरत होत्या. बांधाला मधोमध एवढं भगदाड, की बैलगाडी जावी. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ धोतर खोचून बसले होते.

"अण्णा," वकिलांच्या तोंडून चुलतभावाचं नाव निघून गेलं, "तळं कुठं गेलं?"

"पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही रे," अण्णा म्हणाले. "मृग कोरडा जातो. मग भलत्याच वेळी येतो आणि वर्षाचा सगळा एका दिवसात ओततो. बांध घेऊन गेला. नंतर हस्तात थेंब नाही. ऊन तर होळीच्या आधीच पेटतं. बोअर मारलं, तेही आटलं."

आज या सगळ्याला नाव आहे, मुलांच्या पुस्तकात त्यावर धडा आहे. तेव्हा ते दोघे नुसतेच त्या भेगाळलेल्या तळाकडे बघत राहिले.

"अरे, मग कोर्टात का नाही सांगितलंस?" वकिलांचा आवाज चढला. "तळंच नाही म्हटलं असतंस, तर दावा त्याच दिवशी मिटला असता!"

"मिटला असता, म्हणून तर नाही सांगितलं," अण्णा खाली बघत म्हणाले. "तारखेला तरी तुझं तोंड दिसायचं."

वकिलांनी चष्मा काढला. तो पुसून पुन्हा चढवला.

"रविवारी येतो," शेवटी म्हणाले.

"आता कशाला?"

"बांध बुजवायला."

त्या रविवारी संध्याकाळी मी डोकावलो, तर वकीलीणकाकू वकिलांच्या तळहातांना हळद-तेल लावत होत्या. दोन्ही हातांना फोड आले होते.

"एवढं खपून त्यात पाणी येईल का हो?" काकूंनी विचारलं.

"कुणास ठाऊक," वकील म्हणाले. मग हळूच म्हणाले, "अण्णानं भाकरी आणली होती. दोघांपुरती."