सप्ताहाची एकच चाल

शिस्त असली की माणसाला काहीही जमतं, असं माझं ठाम मत होतं. होतं! पंधरा वर्षं पोस्टात नोकरी केली, पण शिक्का कधी वाकडा पडला नाही. त्यामुळे आमचा पेटीवाला दत्ताराम मुंबईला गिरणीत लागला आणि गावचे मानकरी दाजी म्हणाले, "पेटयेवालो नाय तर तुमच्या खालच्या वाडयेची सप्त्यातली पाळी वरच्या वाडयेक देवची लागतली," तेव्हा मीच उठून म्हणालो, "पेटी मी वाजवतलंय!"

सगळी वाडी हसली. पेटीचा भाता कोणत्या बाजूला असतो हेही मला ठाऊक नव्हतं.

कार्तिकातल्या सप्ताहाला सहा महिने होते. सात दिवस देवळात अखंड भजन. प्रत्येक वाडीने आपले तीन तास सांभाळायचे. टाळ, मृदंग, पेटी, काहीही थांबता कामा नये. मी बेत आखला. आठवड्याला चार सूर! पट्ट्यांवर आकड्यांचे कागद पेजेने चिकटवले. मुंग्या लागल्या, पण मी डगमगलो नाही.

"अवो, चार म्हयने त्याच दोन ओळी!" आमची आनंदी म्हणाली. "शेजारची गाय आता त्याच तालार रवंथ करता!"

"अगो, चाल एक असली तरी तिच्यात शंभर अभंग बसतत!"

हे खरं होतं, आमच्या लवूबुवांनीच सांगितलं होतं. म्हणजे एका चालीत तीन तास सहज निघणार! फक्त पाळी संपताना म्हणायचा गजर वेगळ्या चालीचा असतो. तो मी पुढच्या वर्षावर ठेवला. घाई कशाला!

आमच्या पाळीच्या दिवशी सकाळी सहाला पेटीवर बसलो. बोटं सरसर चालली. देवळावरच्या कर्ण्यातून माझी पेटी पार खाडीपलीकडे ऐकू जात होती. नऊला पलीकडची वाडी पाळी घ्यायला यायची होती. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. दहा वाजले तरी कुणाचा पत्ता नाही!

"गजर घेव?" लवूबुवांनी कानाशी विचारलं.

"माका येणा नाय!"

अकराला बुवांचे अभंग संपले. त्यांनी त्याच चालीत मला गाऊन विचारलं, "गुरुदासा, ती लोकां खंय रवली?" मीही त्याच चालीत गायलो, "माका काय म्हायत!" टाळकऱ्यांनी डोळे मिटून ते दोनदा घोळवलं.

शेवटी बाराला होडीवाला बाबली पलीकडे गेला. बघतो तर काय! सगळी मंडळी आंघोळी करून, गंध लावून, गळ्यात टाळ अडकवून सकाळपासून धक्क्यावर बसलेली!

"आरे, गजर आयकाक येवक नाय," मंडळी म्हणाली. "चालसुदा तीच. आमका वाटला, पयलोच अभंग लांबलो!"

साडेबाराला त्यांनी पाळी घेतली. साडेसहा तास! माझी बोटं सरळ होईनात, आनंदीला मला पेज भरवावी लागली. पण सप्ताह मोडला नाही आणि पाळी आमच्याच वाडीकडे राहिली. खरं सांगतो, मला रडू आलं. पुढच्या वर्षी गजरही शिकायचा, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

समाप्तीला दाजींनी देवाचा कौल घ्यायचं ठरवलं. देवाला दोन्ही अंगांना पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमचा देव तसा सावकाश. मागे एका लग्नाच्या कौलाला त्याने वऱ्हाड दीड तास ताटकळत ठेवलं होतं. मी आपला ऐसपैस मांडी घालून बसलो.

दाजी हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा! हो गुरुदास पुढल्या सालाक परत पेटयेर बस..."

डावी पडली. दाजींचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.